हैबती गिरणीवाला आणि सुभेदारांची तीन पुस्तकं

थोरल्या बोरवाडीत घरटी एक माणूस फौजेत. ओढ्यापलीकडं धाकटी बोरवाडी. तिथं फौजेत कुणीच नाही. तिथं होती एक पिठाची गिरणी, आणि त्या गिरणीत बसायचा एक भोळा. त्याचं नाव हैबती.

नाव ऐकून दचकू नका. बारशाला आईबापाला काय माहीत, पोरगं पुढं कसं निघणार ते? हा हैबती गिरणीतल्या उंदरालासुद्धा "सरक बाबा जरा" म्हणायचा.

त्याचा गुण एकच. सांगितलं ते तंतोतंत करायचा. आणि त्याची खोडही तीच. एकदा एक म्हातारी दळण ठेवून गेली. जाताना म्हणाली, "झालं की हाक मार." तिचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला. हैबतीनं दळण केलं, गिरणीत जागच्या जागी उभं राहून दोनदा हाक मारली आणि कुलूप लावून घरी गेला. म्हातारी भांडायला आली, तर हा म्हणतो, "आजी, मी मारली की हाक. तुम्हीच ओ दिली नाही."

अशा माणसावर थोरल्या बोरवाडीच्या इंदूचा जीव जडला. का जडला ते मला विचारू नका. मला एवढंच ठाऊक आहे, की तो मापात कधी मारायचा नाही, आणि पीठ भरून झालं की डबा बाहेरून पुसून द्यायचा. सगळे गिरणीवाले काही डबा पुसून देत नाहीत.

आता इंदूचे वडील. सुभेदार आनंदराव शेडगे. अठ्ठावीस वर्षं फौजेत, त्यातली अठरा कमांडो. विमानातून उडी मारलेले, बर्फात आठ-आठ दिवस राहिलेले. निवृत्त होऊन घरी आले तरी परसातल्या मिरच्या दोरी लावून सरळ रेषेत लावायचे. मिशी अशी, की पोस्टमन पत्र देताना आधी सलाम ठोकायचा.

इंदूनं वडिलांना सांगितलं, "आबा, मला तो गिरणीवाला पसंत आहे." सुभेदारांनी हैबतीला बोलावून घेतलं.

"फौजेत होतास?"

"नाही मामा."

"पोलिसात?"

"नाही मामा."

"होमगार्ड तरी?"

"गिरणी आहे मामा."

सुभेदारांनी मोठा श्वास घेतला. मग लोखंडी पेटी उघडून तीन पुस्तकं काढली. एक हिरव्या पुठ्ठ्याचं, एक काळ्या पुठ्ठ्याचं आणि एकाला पुठ्ठाच नव्हता. तिन्ही कमांडोंवरची.

"हे बघ. माझी सगुणाअक्का इंदूसाठी एका हवालदाराचं स्थळ घेऊन बसलीय. दिवाळीला तो रजेवर येतोय. तोवर तू मला पटलास तर पोरगी तुझी. नाही पटलास तर हवालदाराची. फौजी म्हणजे काय, कमांडो म्हणजे काय, एवढं तरी माझ्या जावयाला कळायला पाहिजे. ही वाच. एका वेळी एक. अक्षर न् अक्षर. आणि नुसतं वाचू नको, आचरणात आण."

सुभेदारांचं शेवटचं वाक्य चुकलं. पण ते त्यांना तेव्हा कसं कळणार?

हवालदाराचं नाव ऐकून हैबती लगेच उठला. त्यानं हिरवं पुस्तक छातीशी धरलं आणि गिरणीत जाऊन वाचायला बसला. तीनदा वाचलं. पुस्तकात लिहिलं होतं, कमांडो जिथं जातो तिथल्यासारखा होतो. झाडात झाड, खडकात खडक. माणूस हातभर अंतरावर आला तरी कमांडो त्याला दिसत नाही. श्वास संथ, पापणीसुद्धा हलत नाही.

आठवड्यानं सुभेदार आणि सगुणाआत्या मुलगा बघायला धाकट्या बोरवाडीत आले. हैबतीच्या आईनं, हौसाबाईनं, पोहे केले होते, सतरंजी अंथरली होती, सगळं जिथल्या तिथं होतं. फक्त मुलगा नव्हता.

"मुलगा कुठाय?" आत्यांनी विचारलं.

"अगं बाई, आत्ता तर इथं होता," हौसाबाई म्हणाली आणि शोधायला बाहेर पळाली.

पाहुणे थांबले. पोहे खाल्ले, चहा घेतला. आत्यांचे गुडघे दुखायचे, त्यांना खाली बसवेना. कोपऱ्यात ज्वारीची चार पोती होती. त्यातल्या एका पोत्यावर त्या टेकल्या. तासभर टेकल्या. सुभेदार गिरणी बघायला बाहेर गेले, तेव्हा आत्या स्वतःशीच पुटपुटल्या, "बरं झालं, पोरगं पळालं. हवालदाराचं जमलं की त्याची आई मला पैठणी नेसवणार आहे." आणि पोत्यावर अंमळ सरकून बसल्या.

शेवटी सुभेदार वैतागून म्हणाले, "चल अक्का, निघू. ज्याला घरी थांबता येत नाही त्याला काय पोरगी द्यायची?"

आत्या उठल्या. तसं पोतं म्हणालं, "मामा, जमलं का मला?"

आत्यांनी अशी किंकाळी फोडली, की ओढ्यापलीकडं थोरल्या बोरवाडीत लोक घराबाहेर आले. पोत्यातून हैबती निघाला. केसात ज्वारीचा कोंडा, पाठीला बाक, चेहऱ्यावर हसू मावेना.

"तासभर हललो नाही मामा. पापणीसुद्धा नाही."

सुभेदारांच्या मिशीखाली काहीतरी हललं. पण आत्या समोर होत्या, म्हणून त्यांनी आवाज चढवला. "अरे बाळा, ते शत्रूसाठी! घरी माणसं आल्यावर लपतात का? चार माणसं जमली की पुढं व्हायचं, ताठ उभं राहायचं आणि खणखणीत आवाजात आपलं नाव सांगायचं. कळलं?"

"कळलं मामा."

"पुन्हा असं होणार नाही ना?"

"हे नाही होणार."

आणि खरंच झालं नाही. हैबतीचं तेवढं मानलं पाहिजे. एकदा केलेली चूक तो दुसऱ्यांदा करायचा नाही. दर खेपेला नवी करायचा.

पंधरा दिवसांनी सुभेदारांच्या घरी बारसं निघालं. त्यांच्या मुलाला पहिली मुलगी झाली होती. वीस किलो गहू पुऱ्यांसाठी हैबतीच्या गिरणीत दळायला आले. हैबतीनं मन लावून दळले आणि पीठ पोचवायला स्वतः गेला.

घर बायकांनी गच्च भरलेलं. मधे पाळणा, पाळण्याला झेंडूच्या माळा. बारशात बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. या बाळाची आत्या म्हणजे आपली इंदू. ती नवं लुगडं नेसून पाळण्यावर वाकली. बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायला हात वर केले. "कुर्रर्र" झालं. आता नाव ऐकायचं म्हणून सगळं घर गप्प झालं.

हैबती दारात उभा होता. डोक्यावर पोतं. त्यानं माणसं मोजली. चार सोडा, चाळीस होती. त्यानं पोतं खाली ठेवलं, दोन पावलं पुढं आला, टाच जुळवली, छाती काढली आणि ओरडला, "हैबती!"

बाळ दचकून रडायला लागलं. मग एक म्हातारी म्हणाली, "बाळाच्या कानात पहिलं पडलं ते नाव. आता बदलता येत नाही."

"पोरीचं नाव हैबती?" बाळाची आई पाळण्याची दोरी धरून रडकुंडीला आली.

"आणि ज्यानं नाव ठेवलं तो मान घेईल की," दुसरी म्हणाली. मग चाळीस बायकांनी वर केलेले हात हैबतीच्या पाठीत पडले. इंदूनं तोंडाला पदर लावला होता. ती रडत होती की हसत होती, ते बघायला हैबतीला सवड नव्हती.

पोरीचं नाव वैजयंती ठेवलं. दोनदा कुर्रर्र करून ठेवलं. पण आळीतली पोरं तिला काय म्हणत होती ते मी सांगत नाही.

सुभेदारांनी हैबतीला परसात नेलं. पाठ चोळत उभा राहिलेल्या त्या माणसाकडं बघून त्यांना दया आली असावी. ते हळू बोलले.

"बाळा, बारसं कुणाचं होतं?"

"बाळाचं."

"मग नाव कुणाचं सांगायचं?"

हैबतीनं बराच विचार केला. "पण मामा, तुम्हीच तर म्हणाला होता..."

"बरं, बरं, चुकलं माझं. आता नीट ऐक. जिथं माणसं जमतील तिथं तू तोंड उघडायचं नाही. जीभ कशी आवरावी ते कमांडोकडून शिक. हे घे दुसरं पुस्तक. कळलं?"

"कळलं मामा."

"पुन्हा असं होणार नाही ना?"

"हे नाही होणार."

काळ्या पुस्तकात कमांडो शत्रूच्या हाती सापडतो. त्यात लिहिलं होतं, पकडला गेलास तर तीनच गोष्टी सांगायच्या. नाव, हुद्दा, नंबर. चौथा शब्द काढायचा नाही. ते गोड बोलून विचारतील, खाऊ घालून विचारतील, धमकावून विचारतील. तुझ्या जवळचं माणूस पुढं करतील. तरी डगमगायचं नाही. हैबती हे वाचताना दोनदा रडला. मग डोळे पुसून पाठ केलं.

दिवाळी चार दिवसांवर आली. हवालदाराचं पत्र आलं होतं, मी निघतोय म्हणून. सुभेदारांनी दोन्हीकडची जाणती माणसं आपल्या घरी बसवली. एकदाचा सोक्षमोक्ष लावू म्हणाले. मधे हैबतीला बसवलं. पुढ्यात शिऱ्याची बशी ठेवली.

सरपंच लाघवी माणूस. ते म्हणाले, "घ्या हैबतराव, शिरा घ्या. आणि सांगा, मुलगी पसंत आहे ना?"

हैबतीनं बशीकडं बघितलं. मनात म्हणाला, खाऊ घालून विचारतायत. त्यानं पाठ ताठ केली.

"नाव हैबती. हुद्दा गिरणीवाला. नंबर चार सहा शून्य दोन सात."

"हा कसला नंबर?"

हैबती गप्प. नंबर गिरणीच्या वीजमीटरचा होता, पण ते सांगितलं तर ती चौथी गोष्ट झाली असती.

"घाबरलंय पोरगं," सरपंच म्हणाले. "अरे, नुसतं हो म्हण. इंदू पसंत आहे का?"

"नाव हैबती. हुद्दा गिरणीवाला..."

"लग्न करायचंय का नाही?" हैबतीची आई कळवळून म्हणाली. "हैबत्या, माझ्या लेकरा, असं काय करतोस?"

"नाव हैबती."

आत्यांनी मांडीवर हात आपटला. "ऐकलंत ना सगळ्यांनी? याच्या मनातच नाही. मी म्हणतच होते. चला, हवालदाराला निरोप धाडा."

तेव्हा दाराआडून इंदू बाहेर आली. बैठकीत मुलीनं असं यायचं नसतं, पण ती आली. तिचा चेहरा उतरला होता. ती म्हणाली, "अहो, हो म्हणा की. एवढंच म्हणा."

हैबतीनं तिच्याकडं बघितलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. जिभेच्या टोकावर 'हो' येऊन बसला होता. पण त्याला वाटलं, बघ, जवळचं माणूस पुढं केलंच शेवटी. पुस्तक खोटं बोलत नाही.

"नंबर," तो हुंदका देत म्हणाला, "चार सहा शून्य दोन सात."

इंदू वळली आणि आत निघून गेली. आत काहीतरी भांडं पडल्याचा आवाज आला.

सुभेदारांच्या मात्र डोक्यात प्रकाश पडला. ते पुस्तक त्यांनीही वाचलं होतं. त्यांनी हैबतीला दंडाला धरून उचलला आणि मिरच्यांमधे नेऊन उभा केला.

"ते शत्रूच्या कैदेत, गाढवा! हे सोयरे आहेत!"

"शत्रू नाहीत?"

"नाहीत! आपल्या माणसांपासून काही लपवायचं नसतं. जे असेल ते सगळं सांगायचं. विचारलं नाही तरी सांगायचं!"

"सगळं?"

"सगळं! जा!"

हैबती आत येऊन मधे बसला. शिऱ्याचा एक घास घेतला आणि सुरू झाला.

"आत्या, त्या दिवशी तुम्ही माझ्यावर बसला होता. तेव्हा तुम्ही म्हणालात, हवालदाराचं जमलं की त्याची आई मला पैठणी नेसवणार आहे."

बैठकीतली सगळी डोकी आत्यांकडं वळली. आत्यांनी पदर डोक्यावरून पुढं ओढला, इतका की त्यांचा चेहराच दिसेना.

"आई, गेल्या महिन्यात गुळाचा खडा मी खाल्ला. मांजरानं नाही. सरपंच, तुमचं दळण दहा किलो असतं, तुम्ही नऊ सांगता. मी काही बोलत नाही."

सरपंचांनी शिऱ्यात तोंड घातलं.

"आणि इंदू," हैबती म्हणाला, "आठवड्यातून दोनदा माझ्याकडं दळण आणते. ओढा ओलांडून आणते. थोरल्या बोरवाडीत दोन गिरण्या आहेत, तरी आणते. एवढंसं आणते, ओंजळभर. आषाढात एकदा तिनं पीठच दळायला आणलं. मी म्हटलं, हे पीठच आहे. ती म्हणाली, पुन्हा दळा. मी पुन्हा दळलं. ती म्हणाली, अजून एकदा. मग मी अजून एकदा दळलं. त्याची भाकरी झाली नसेल, मला माहीत आहे. पण त्या दिवसापासून मला ती पसंत आहे. ती यायची असते त्या दिवशी मी सकाळपासून गिरणी झाडतो. येत नाही त्या दिवशी दळण टाकायचं विसरतो आणि जातं रिकामंच फिरत राहतं. अजून सांगू का?"

"नको," आतून इंदूचा आवाज आला.

बैठक हसून हसून आडवी झाली. सुभेदार तेवढे हसले नाहीत. त्यांना आषाढातली ती चिकट, गिच्च भाकरी आठवली असणार. त्यांनी ती मुकाट्यानं खाल्ली होती. मग ते म्हणाले, "सुपारी आणा."

सुपारी फुटली. मार्गशीर्षातली तारीख धरली. हवालदाराला दुसरी मुलगी मिळाली, त्याची काळजी नको. आत्या मात्र रुसल्या त्या रुसल्याच.

आता सुभेदारांनी इथं थांबायला पाहिजे होतं. पण फौजी माणूस, काम अर्धवट टाकणं त्याच्या रक्तात नाही. त्यांनी बिनपुठ्ठ्याचं तिसरं पुस्तक हैबतीच्या हातात दिलं. म्हणाले, "यात कमांडोचा सगळ्यात मोठा धर्म सांगितलाय. लग्नाआधी वाचून काढ." हौसाबाईनं ते पुस्तक दोनदा कणगीत लपवलं. हैबतीनं दोनदा शोधून काढलं.

पुस्तकात लिहिलं होतं, कमांडो साथीदाराला मागं सोडत नाही. जितके घेऊन गेला तितके सुखरूप परत आणतो. निघताना मोजायचं, परतताना मोजायचं. एक कमी भरला तर त्याच्यासाठी माघारी जायचं. एक जास्त भरला तर गडबड आहे, ती निस्तरल्याशिवाय हलायचं नाही. आणि मोजणारानं स्वतःला सगळ्यात शेवटी मोजायचं.

लग्नाचा दिवस उजाडला. दोन्ही बोरवाड्यांमधे पायवाटेनं अर्धा तास, पण म्हाताऱ्याकोताऱ्या आणि आहेराची भांडी घेऊन ओढा कोण ओलांडणार? सडकेनं वळसा घालून जायला ट्रक ठरवला. हैबती बाशिंग बांधून ट्रकच्या मागं उभा राहिला आणि एकेकाच्या डोक्याला हात लावून मोजलं. चाळीस. मग स्वतःच्या बाशिंगाला हात लावला. एक्केचाळीस.

लग्न झकास झालं. अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या, हैबतीनं हार इंदूच्याच गळ्यात घातला. कुठं म्हणजे कुठं चूक नाही. हौसाबाई दर पाच मिनिटांनी देवाला हात जोडत होती.

दुपार कलली, पाठवणीची वेळ झाली. नवरीबरोबर पाठराखीण म्हणून आत्यांनी जायचं होतं, पण त्या रुसलेल्या. गेल्या नाहीत. इंदू एकटीच निघाली. वडिलांच्या पाया पडायला वाकली, आणि अठ्ठावीस वर्षांत ज्या माणसाच्या डोळ्यांत कुणी पाणी बघितलं नव्हतं तो माणूस पोरीला जवळ घेऊन ढसाढसा रडला. सगळा मांडव रडला. आत्यासुद्धा कोपऱ्यात रडल्या.

हैबतीच्या मावशीनं इंदूला पुढं ड्रायव्हरजवळ बसवलं. बाकी वऱ्हाड मागं चढलं. आणि हैबतीनं मोजायला सुरुवात केली.

मागं एकोणचाळीस. पुढं मावशी, चाळीस. इंदू, एक्केचाळीस. मग स्वतःच्या बाशिंगाला हात लावला. बेचाळीस.

पुन्हा मोजलं. बेचाळीस. जेवून सुस्तावलेल्या माणसांना उठवून मोजलं. बेचाळीसच.

हैबतीला घाम फुटला. एक जास्त! निस्तरल्याशिवाय हलता येत नाही. कोण जास्त? आई? आई तर येताना होती. मावशी होती. इंदू? छे, इंदूला उतरवायची म्हणजे काय, तिच्यासाठी तर एवढं सगळं केलं. त्यानं बोटं मोडली, बाशिंग खाजवलं. मग एकदम चेहरा उजळला. एक्केचाळीसपर्यंत हिशेब बरोबर होता. बिघडला कधी? बेचाळिसावा मोजला तेव्हा. बेचाळिसावा कोण? तो स्वतः!

हैबती ट्रकमधून खाली उतरला. मागचा फाळका लावला, कडी घातली, ट्रकवर दोन थापा मारल्या. "जाऊ दे!"

ट्रक गेला. मागच्या लोकांना वाटलं, नवरदेव पुढं बसलाय. पुढच्यांना वाटलं, मागं बसलाय.

धाकट्या बोरवाडीत हौसाबाईनं उंबऱ्यावर तांदळाचं माप ठेवलं. ओवाळणीचं तबक घेऊन दारात उभी राहिली. समोर इंदू उभी होती, हिरवा चुडा, खाली मान. तिच्या शेजारची जागा मोकळी.

"हैबत्या कुठाय?" हौसाबाईनं विचारलं. मग सगळ्यांनी एकमेकांना विचारलं. ट्रकखाली वाकूनसुद्धा बघितलं.

तिकडं थोरल्या बोरवाडीत सुभेदार डोळे पुसून मांडवात परत आले. घर कसं खायला उठलं होतं. इंदूचा पाट रिकामा दिसला नि त्यांना पुन्हा भरून आलं. तेवढ्यात मागून टाच जुळवल्याचा आवाज आला. बाशिंग बांधलेला जावई सावधान उभा.

"मामा, एक्केचाळीस सुखरूप रवाना!"

सुभेदारांना पहिल्यांदा वाटलं, आपल्याला भास होतोय. मग वाटलं, भास असता तर बरं झालं असतं.

"तू इथं काय करतोस?"

"एक जास्त होत होता मामा. मी उतरलो."

"अरे, आज तुझं लग्न झालं! जास्त ती तुझी बायको!"

"म्हणून तर तिला बसवली. नवरीला उतरवून मी बसणं बरं दिसलं असतं का?"

एक मात्र खरं, की इतक्या सोयऱ्याधायऱ्यांत पोरीसाठी स्वतःची जागा सोडणारा हा एकच निघाला होता. सुभेदारांचा राग निम्मा तिथंच उतरला. त्यांनी मोटारसायकल काढली. "चल, बस मागं. सोडतो तुला."

"कसा येऊ मामा? तिथं एक्केचाळीस पोचलेत. मी गेलो की पुन्हा बेचाळीस."

सुभेदारांनी समजावलं, ओरडले, हात जोडले, शेवटी "हुकूम आहे" म्हणाले. हैबतीनं नम्रपणे पुस्तकाचं पान दाखवलं. तिथं पेन्सिलीनं रेघ मारलेली होती. रेघ सुभेदारांच्याच हातची. तरुणपणी मारलेली.

हैबती त्या रात्री सासऱ्याच्या ओटीवर झोपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुभेदार मिरच्यांना पाणी घालत होते. बघतात तर ओढ्याच्या वाटेनं इंदू येतेय. पातळ वर खोचलेलं, अंगाची हळदसुद्धा गेली नव्हती. सासरी एक रात्र काढून नवरी चालत माहेरी आलेली बघून शेजारीपाजारी कुंपणाशी गोळा झाले.

"आबा, ते कुठं आहेत?" ती आल्या आल्या म्हणाली. "मी त्यांना न्यायला आलेय. सासूबाई काल दुपारपासून जेवल्या नाहीत."

हैबती ओटीवरून उठला. इंदूला बघून त्याचं तोंड असं फुललं, की कुंपणापलीकडच्या म्हाताऱ्याही पाघळल्या. तो दोन पावलं पुढं आला. तिनंही एक पाऊल पुढं टाकलं. सुभेदारांनी झारी खाली ठेवली आणि मनात म्हणाले, सुटलो एकदाचा.

तेवढ्यात हैबती थबकला. बोटं मोजली. चेहऱ्यावरचं हसू गेलं.

"तू इथं आलीस?"

"आले की. तुमच्यासाठीच आले."

"म्हणजे तिथं आता चाळीस! एक कमी!" हैबतीनं कपाळावर हात मारला. "अगं, आई तिथं आहे, मावशी आहे, सगळे आपल्या भरवशावर आलेले! थांब, तू काळजी करू नको, मी आहे!" आणि धोतराचा सोगा दातात धरून तो ओढ्याकडं जो पळत सुटला, तो बघता बघता पाणी उडवत पलीकडच्या काठाला लागला. पलीकडून त्यानं हात हलवला. इंदूनंही हलवला. दुसरं काय करणार?

सुभेदार कंबरेवर हात ठेवून उभे राहिले. बर्फातून वाट काढलेला माणूस, पण या पेचातून वाट कशी काढायची ते त्यांच्या तिन्ही पुस्तकांत नव्हतं. मग त्यांनी मोटारसायकलची किल्ली काढली.

"चल पोरी. बस मागं. त्याच्या आधी पोचवतो तुला."

इंदू ओटीवर बसली आणि पायावरचा चिखल पुसायला लागली.

"नको आबा," ती म्हणाली. "मी तिथं पोचले, की ते परत इकडं यायला निघतील."